बिजलीच्या मापाची झूल

४ तारीख, रविवार

वृद्ध गाढवांच्या आश्रमाचा कोषाध्यक्ष म्हणून आज माझी एकमताने निवड झाली. एकमताने म्हणजे दुसरं कोणी उभंच नव्हतं. जुने कोषाध्यक्ष डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण सांगून मोकळे झाले. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "फार खोलात जाऊ नका." अशा वृत्तीनेच समाज बुडतो.

निवडीनंतरचं भाषण जेमतेम पाऊण तास चाललं. सेवाभावी संस्थांचे हिशेब हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मी म्हणालो, विश्वासाने दिलेली देणगी म्हणजे शेजाऱ्याने आपल्याकडे सोपवलेलं मूल. ते कुठे गेलं, काय खाल्लं, कोणाच्या मांडीवर झोपलं, हे संध्याकाळी आईबापांना सांगायला नको? अहवाल धुक्यासारखा नको, काचेसारखा हवा. महिनाअखेरच्या वार्षिक सभेत मी असा अहवाल मांडेन की प्रत्येकाला आपला पैसा स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

टाळ्या थांबायच्या आत पहिल्या रांगेतून मोठ्या बाई उठल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मी सभा त्यांच्या छडीखालून गेलेली. आश्रमाची पद्धत अशी आहे की देणगीदार एकेक गाढव दत्तक घेतो, त्याचा वर्षाचा खर्च उचलतो, आणि दर सहा महिन्यांनी त्याला आपल्या गाढवाच्या प्रकृतीचं पत्र जातं. मोठ्या बाईंनी बिजली नावाची गाढवी कित्येक वर्षांपासून दत्तक घेतली आहे. शिवाय हिवाळ्याचा सगळा चारा त्यांच्याच देणगीतून येतो. ती आटली तर आश्रमाला टाळं, आणि सगळी जनावरं परत वीटभट्टीवर, जिथून ती सोडवून आणली आहेत.

"डोळ्यांनी म्हणालात ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मग मला माझी बिजली दाखवा. मी येते तेव्हा ती दर वेळी कुठेतरी गेलेली असते. या वेळी सभेच्या आधी येईन, आणि बघूनच जाईन."

ताईच्या हातून कपबशी निसटली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आश्रमाची संस्थापक आणि चिटणीस. माझ्या भाषणाने माणसं हलतात हे मला ठाऊक आहे, पण ताईही हलेल असं वाटलं नव्हतं.

निघताना मी म्हणालो, "आजवरचा कारभार म्हणजे शुद्ध गाढवपणा." ताईने शिवीपेटी पुढे केली. आश्रमाच्या आवारात गाढवाचं नाव शिवी म्हणून घेतलं की पेटीत नाणं टाकायचं, हा तिचा नियम. तिच्या मते ती पेटी निम्मी माझ्याच जिभेने भरली आहे.

६ तारीख, मंगळवार

कार्यालयात गेलो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली औषधांचं दुकान, मागे तबेला. दारावर संगमरवराची पाटी: "दानातली दमडीही कार्यालयावर नाही." वाक्य माझंच. उद्घाटनाच्या भाषणात मी ते उच्चारलं आणि सभा उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ताईने ते दगडात कोरून घेतलं. आपलं वाक्य दगडात बघताना माणूस नम्र होतो.

आत हिशेबनीस एकटेच. जाड चष्मा, कोपरांवर ठिगळं लावलेला कोट, आणि लेखणी अशी धरतात की आता महाकाव्यच सुरू होणार. देणगीदारांची पत्रं तेच लिहितात, आणि त्याचा त्यांना हिशेबापेक्षा जास्त अभिमान आहे.

मी थेट मुद्द्यावर आलो. "अहवालात कार्यालयीन खर्च शून्य आहे. मग वीजबिल कोण भरतं?"

"भरलं जातं, साहेब."

"भाडं?"

"तेही जातं."

"आणि तुमचा पगार?"

त्यांनी चष्मा पुसला. "माझं पोट भरतं. तक्रार नाही."

या जगात अजून अशी माणसं आहेत, पगार म्हटलं की पोटाकडे बोट दाखवणारी. मी त्यांना मिठी मारली. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही येण्याआधीचा गोंधळ बरा होता." विनय म्हणतात तो हा.

एक गोष्ट मात्र खटकली. कोपऱ्यात झेरॉक्स मशीन आहे, आणि त्यावर निळ्या मखमलीची, कडेला सोनेरी घुंगरं लावलेली सुरेख झूल पांघरलेली. घुंगरांच्या वर भरतकामात लिहिलेलं: "बिजली". मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने शिवून पाठवलेली झूल जनावराच्या अंगावर नाही, मशीनवर. हिशेबनीसांना विचारलं तर म्हणाले, "तिला धूळ सोसत नाही."

झुलीवरून बिजली फार बुटकी आणि चौकोनी असावी.

९ तारीख, शुक्रवार

घरी आमच्या गुरुजीचं पत्र आलं. गुरुजी म्हणजे माझं दत्तक गाढव. माझ्या साठीला हिने मला ते भेट दिलं. चिवडा-लाडूंपेक्षा हे बरं, असं तेव्हा म्हणाली होती. पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं:

"गुरुजीची प्रकृती वयोमानाने साधारण. दृष्टी मंदावली आहे. गुडघ्यांमुळे जिना चढताना दम लागतो. दुपारी थोडी डुलकी घेतो, पण उठला की मान खाली घालून कामाला लागतो. आपण पाठवलेली गाजरं फार गोड होती, किसून खाल्ली. कोट मात्र विरला आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघितलंस? मुक्या जनावराला जिने चढवतात."

ही हसता हसता ठसका लागून उठली. पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "अहो, गाजर किसून खाणारं गाढव तुम्हाला कधी भेटलंय का?"

"दात नसतील."

"आणि कोट?"

"अंगावरच्या केसांना कोट म्हणतात काही ठिकाणी."

तिने माझ्या पानात भात वाढला. मग म्हणाली, "तुम्ही खूप वाचलंय, हे मान्य आहे मला."

१२ तारीख, सोमवार

भयंकर. आज तबेल्यात जाऊन स्वतः मोजदाद केली. दत्तक योजनेत गाढवं चौदा. तबेल्यात अकरा. शेपट्या धरून पुन्हा मोजली. एका शेपटीच्या मालकाने लाथ मारली, ती मांडीवर अजून निळी आहे. तरी अकराच.

बेपत्ता तिघं: मोठ्या बाईंची बिजली, माझा गुरुजी, आणि दातांच्या डॉक्टरांनी दत्तक घेतलेली हवेली.

चोरी. सेवेच्या देवघरात चोरी. मी तिथेच चाऱ्याच्या पेंढीवर चढून बोललो. ऐकायला अकरा गाढवं आणि ताई होती. गाढवांनी कान टवकारले. ताईने डोकं धरलं.

"अरे, खाली उतर आणि माझं ऐक. ती तिघं कधी इथे नव्ह—"

"नव्हती इथे, हेच तर मी म्हणतोय. होती कुठे? कोणाच्या भट्टीवर? कोणाच्या पाठीवर कोणाच्या विटा?"

"विटांचा काही संबंध नाही. तू तेव्हा ते दमडीचं वाक्य बोललास ना, त्यानंतर आम्हाला—"

"त्या वाक्याला जागण्यासाठीच आज मी उभा आहे, ताई."

तिने पेंढीवर बसकण मारली. "लहानपणी तुला गोवर आला होता," ती म्हणाली, "तेव्हा आठवडाभर बोलला नाहीस. किती सुखाचे दिवस होते."

काळजीने माणूस भलतं बोलतो. तिच्या हाताखाली चोर आहे हे तिला सहन होत नाही, हे मला दिसतंय. तिला वाचवायलाच हवं.

१५ तारीख, गुरुवार

सभेसाठी भाषण लिहायला घेतलं. शीर्षक: "तीन गाढवं आणि एक विवेक". पोलिसांकडे जाण्याआधी सभेत चोराला उभं करायचं. संशय सध्या औषधाच्या दुकानदारावर आहे. मी जिन्यात दिसलो की तो आत वळतो.

ही म्हणाली, "तुम्ही जिन्यातल्या प्रत्येकाला थांबवून बोलता. मीही आत वळले असते. आणि ताईंचं एखादं वाक्य आयुष्यात पूर्ण ऐकलंयत का?"

"माझी बहीण आहे. तिला काय म्हणायचंय ते मला न ऐकताच कळतं."

"काय म्हणायचंय त्यांना?"

विषय भरकटवायची हिची सवय जुनी आहे.

२१ तारीख, बुधवार

विजय. बिजली परत आली.

ताईचा निरोप आला: उद्या मोठ्या बाई येणार आहेत, बिजली तबेल्यात आहे, तू कृपा करून घरीच थांब. मी लगेच गेलो. खरंच, शेवटच्या खणात एक उंचंपुरं काळपट जनावर, अंगावर ती निळी झूल. मी नुसता बोललो, तेवढ्यावर चोराने माल आणून ठेवला. वाणीचं सामर्थ्य माणूस कमी लेखतो.

मात्र नवी भानगड उभी राहिली आहे. आपल्या अकरांतला सम्राट कुठे दिसत नाही. मोजली तर पुन्हा अकराच. म्हणजे चोराने बिजली आणली आणि सम्राटला नेलं. हे ताईला सांगितलं तर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. रडत असावी.

झूलही आता बिजलीला नीट बसत नाही. पाठीच्या मधोमध रुमालासारखी पडली आहे. भट्टीवर राबून जनावर वाळतं असं ऐकलं होतं, लांबतं हे माहीत नव्हतं.

२२ तारीख, गुरुवार

आजचा दिवस लिहायला हात धजत नाही, पण दैनंदिनीत लपवाछपवी केली तर अहवालात काय करणार?

मोठ्या बाई छत्री टेकत आल्या. मी स्वागताचे चार शब्द बोलू लागलो. त्यांनी छत्री वर केली. माझा आवाज आपोआप थांबला. चौथीत असताना थांबायचा तसा.

त्या खणापाशी गेल्या, चष्मा लावला आणि जनावराला नाकापासून शेपटीपर्यंत बघितलं. मग वाकून खालून बघितलं.

"चिटणीसबाई," त्या ताईला म्हणाल्या, "तुम्ही मला मापं पाठवली होती. मी त्या मापांची झूल शिवली. माझी शिलाई कधी चुकत नाही. ही झूल या पाठीला हातभर आखूड आहे."

"वाढत्या वयात—" ताई म्हणाली.

"दुसरं म्हणजे, बिजली नर आहे."

मी वाकलो. नर होता. इतकंच नाही, त्याच्या डाव्या खुरावर पांढरा ठिपका होता. तो सम्राट होता. चोराने सम्राटला बिजलीच्या वेषात ठेवलं होतं. मी हे मोठ्याने म्हणालो.

मोठ्या बाईंनी झूल काढून हातावर टाकली आणि जिना चढून कार्यालयात गेल्या. आम्ही मागे. हिशेबनीस उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. बाईंनी खोलीभर नजर फिरवली. टेबल बघितलं, कपाट बघितलं. मग कोपऱ्यात जाऊन झूल झेरॉक्स मशीनवर पसरली. चारही कोपरे टोकाला टोक लागून बसले. घुंगरं नेमकी काठावर.

"तर ही बिजली," मोठ्या बाई म्हणाल्या.

ताई खुर्चीत बसली. आणि मग, मी खोकल्याने बेजार होऊन क्षणभर गप्प होतो, त्या संधीत तिने तिचं वाक्य पूर्ण केलं. आयुष्यात पहिल्यांदाच असावं.

"दमडीही कार्यालयावर नाही, असं हा बोलून गेला आणि ते दगडात गेलं. लोकांनी पैसे दिले ते त्या वाक्यावर. मग वीज, भाडं, पगार लिहायचं कुठे? दर महिन्याला येणारंच ते. शेवटी हे हिशेबनीस म्हणाले, आपल्याकडे खर्च लिहायला एकच जागा आहे, गाढव. तर मशीन आणि वीज झाली बिजली. भाडं झालं हवेली. आणि पगार—"

"गुरुजी," हिशेबनीस हळूच म्हणाले.

मी त्यांच्या कोटाकडे बघितलं. कोपरं विरलेली. मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग विचारलं, "गाजरं?"

"गोड होती, साहेब. घरी सगळ्यांना आवडली."

मोठ्या बाईंनी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. "बिजलीच्या घशात काहीतरी अडकलं, रात्रभर धडधडत होती, वैद्याने पोट उघडून साफ केलं. हे वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते."

"कागद अडकला होता," हिशेबनीस म्हणाले. "पण बाई, एक शब्द खोटा नाही त्यात. फक्त प्राणी चुकलाय."

"शाळेत मला खडू लागायचा, शिपाई लागायचा, घंटा लागायची. त्याशिवाय शाळा एक दिवस चालली नसती. पण मी घंटेला विद्यार्थिनी म्हणून पटावर घेतलं नव्हतं." त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "मशीन पोसल्याचं मला दुःख नाही. गाढवांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, पत्रं, पावत्या त्यातूनच निघत असतील. तुम्ही मला तसं सांगितलं असतं तर मी त्याला नवा कागदही दिला असता. आता सभेत काय ते खरं मांडा. मांडलंत तर चारा येईल. नाही तर नाही. तोवर माझी झूल मी नेते."

जाताना माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. एका पानात."

२५ तारीख, रविवार

एका पानात बसत नाही. पहिला मसुदा अठरा पानांचा झाला, त्यात फक्त प्रस्तावना. ताई म्हणते, सगळं खरं सांगितलं तर बाकीचे देणगीदार पळतील; शून्य खर्चाच्या संस्था रस्त्याच्या पलीकडे दोन आहेत. मी म्हणालो, त्यांच्या तबेल्यातही हवेल्या असणार. ती म्हणाली, असतील, पण त्यांच्याकडे तुझ्यासारखा मोजणारा नाही.

मला वाटलं, स्तुती आहे. ही म्हणते, नाही.

रागाच्या भरात मी ताईसमोर ओरडलो, "मग करायचं काय? शून्य लिहून पुन्हा सगळ्यांना मामा बनवायचं?" ताई खिडकीपाशी गेली. खिडकीतून तबेला दिसत होता. सम्राट चाऱ्याला मान लावून उभा होता. त्याच्या पाठीवर भट्टीच्या दोराचे वळ अजून आहेत. तिने ते कधी कोणाला दाखवले नाहीत.

"लिही खरं," ती म्हणाली. "पण छोटं लिही रे. मोठं लिहिलंस की पुन्हा काहीतरी दगडात कोरावं लागतं."

हिने शेवटी कात्री घेतली.

३० तारीख, शुक्रवार

सभा झाली.

पान वाचायला दोन श्वास लागले. गाढवं अकरा. त्यांच्या चाऱ्याचा, औषधांचा, नालांचा खर्च इतका. कार्यालयाचा खर्च इतका: वीज आणि मशीन, भाडं, हिशेबनीसांचा पगार. शिवीपेटीचं उत्पन्न वेगळं. आजवर कार्यालयाचा खर्च तीन काल्पनिक गाढवांच्या नावे दाखवला. यापुढे दाखवणार नाही. संपलं. माझ्या आयुष्यातलं सर्वात छोटं भाषण.

दातांचे डॉक्टर उठले. "म्हणजे माझी हवेली दर महिन्याच्या सुरुवातीला सैरभैर व्हायची, ते?"

"भाडं," हिशेबनीस म्हणाले.

"मी तिच्यासाठी घरी वर्गणी काढायचो."

"ती वेळेवर पोचायची, डॉक्टर. घरमालक तुमचं फार नाव काढतो."

कोणीतरी मागून हसलं. एकजण मात्र उठून गेला. फसवणूक झाली म्हणाला, आणि त्याचं चूक नव्हतं. दुसरा उठला आणि दारापर्यंत जाऊन परत आला, कारण चहा यायचा होता. तिसऱ्याने विचारलं, "पण ते दमडीचं वाक्य? त्याच्यावर तर आम्ही पैसे दिले. असलं वाक्य कोण बोललं होतं?"

सगळी सभा मोठ्या बाईंकडे बघत होती. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. छत्री अजून खाली होती.

मी म्हणालो, "वीज न जाळता, भाडं न देता, माणूस न ठेवता संस्था चालते असं सांगणारा माणूस गाढव होता. तो मीच."

ताईचा हात सवयीने शिवीपेटीकडे गेला. मीही सवयीने खिशात हात घातला.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "ही शिवी नाही. ही माहिती आहे. पेटीत नको, अहवालात घ्या."

हिशेबनीसांनी लेखणी उचलली, अकरावर काट मारली आणि बारा केले. मग मान वर करून गंभीरपणे विचारलं, "याचा खर्च कोणाच्या नावे दाखवू?"

मागच्या रांगेतून हिचा हात वर गेला. "माझ्या. लग्नापासून मीच करतेय."

सभा एवढी हसली की तबेल्यातून सम्राटनेही ओरडून साथ दिली. मोठ्या बाईंनी चाऱ्याच्या देणगीचा चेक टेबलावर ठेवला, आणि त्याखाली घडी घालून निळी झूल. "बिजलीलाच राहू द्या," म्हणाल्या. "फक्त पत्रात तिला आता मशीन म्हणा."

हिशेबनीसांचा चेहरा पडला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, गुरुजीचं पुढचं सहामाही पत्र आत्ताच अर्धं लिहून झालंय. पाठवू ना?"

पाठवा म्हणालो. उद्या गाजरं घेऊन जायची आहेत. किसणीही नेईन.